शार्लोट तलावाची सोपी प्रदक्षिणा

"तुम्ही या जाऊन, मी बसते सामानापाशी."

आमच्या घरच्या प्रत्येक सहलीतले हे ठरलेले वाक्य, आणि ते म्हणणारी आईही ठरलेली. महाबळेश्वरला आम्ही आर्थर सीटवर वारा खात होतो, तेव्हा ती गाडीत होती. प्रतापगडाच्या वेळी पायथ्याच्या चहाच्या टपरीत पिशव्या सांभाळत होती. अजिंठ्याच्या पायऱ्या पाहिल्यावर तिने झाडाखाली चादर अंथरली ती आम्ही परत येईपर्यंत. आमच्या अल्बममध्ये आई सापडते ती जेवणाच्या फोटोंत, डबे उघडताना. तिचे गुडघे दुखतात हे खरे, पण गुडघे धडधाकट होते तेव्हाही ती बसतच असे. कोणीतरी बसायला हवे, एवढेच तिचे म्हणणे.

म्हणून २०२२ च्या दिवाळीनंतर चार दिवसांची रजा मिळाली, तेव्हा मी मनाशी एक अट घातली होती. जिथे आईला सामानापाशी बसावे लागणार नाही, अशाच ठिकाणी जायचे. कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी लगेच सांगितले, "माथेरानला जा. पॉइंटांच्या मागे धावू नका. शार्लोट तलावाला एक चक्कर मारा. सावली आहे, फार चढउतार नाही आणि मागून हॉर्न वाजणार नाही."

माथेरान म्हटले की आपल्याला घोडे, चिक्की आणि माकडे आठवतात. त्या डोंगरावर एक तलाव आहे आणि त्याच्याभोवती म्हाताऱ्या माणसालाही रमतगमत फिरता येते, हे मलाही ठाऊक नव्हते.

आम्ही गेलो तेव्हा नेरळहून सुटणारी छोटी गाडी नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. २०१९ च्या पावसाने रुळांखालची जमीनच वाहून नेली होती. तीन वर्षांच्या खंडानंतर, २२ ऑक्टोबर २०२२ रोजी, ती परत धावू लागली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला. सोळा लाख रुपये खर्च आला आणि तो त्यांचे वडील सर आदमजी यांनी पुरवला. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारे २१ किलोमीटर अंतर ही गाडी दोन-अडीच तासांत कापते. घाई असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. आमच्या चिरंजिवांनी, वय वर्षे आठ, पहिला अर्धा तास खिडकीबाहेर डोके काढण्यात आणि पुढचा अर्धा तास त्यासाठी बोलणी खाण्यात घालवला.

वाटेत जुम्मापट्टीनंतर एक स्टेशन लागते. त्याचे नाव 'वॉटर पाइप'. चिरंजिवांना ते वाचून हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. तिने पाटीकडे नीट पाहिले आणि विचारले, "वर पाणी कुठनं येतं गं?"

"इतका पाऊस पडतो की इथे," मी म्हणाले.

"पडतो. पण थांबतो कुठं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते पुढे तिनेच दिले.

माथेरानच्या स्टेशनावर उतरल्यावर पहिला पेच पडला तो हॉटेलपर्यंत जाण्याचा. रुग्णवाहिकेसारखी अत्यावश्यक वाहने सोडली तर येथे मोटारीला बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, पण गाड्यांवाचून राहण्याची येथली रीत त्याहून कितीतरी जुनी. त्या दिवसांत पर्याय दोनच होते, घोडा नाहीतर हातरिक्षा. घोड्याकडे आईने पाहिलेही नाही. हातरिक्षावाले पुढे आले. "आजी, बसा, पाच मिनिटांत सोडतो."

आईने विचारले, "किती जणं ओढता?"

"पुढे एक, मागून ढकलायला दोघे."

"मग तीन माणसांनी मला एकटीला न्यायचं? मी काय पालखीतला देव हाय का?" वर्षानुवर्षे मुंबईत राहूनही मनातले बोलताना तिची गावची बोली वर येते. रिक्षावाला हसला. पण त्याचा धंदा बुडाला हे तिच्या लक्षात होते. तिने आमची मोठी बॅग रिक्षात ठेवायला लावली, ठरलेले पूर्ण पैसे द्यायला लावले आणि स्वतः माझ्या हाताला धरून चालू लागली. सामान पुढे गेले आणि आई मागून चालत आली, असे मी प्रथमच पाहत होते.

(पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०२२ मध्ये, माथेरानमध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसांनी ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ही बातमी मी आईला वाचून दाखवली तेव्हा तिने विचारले, "त्या तिघांना नवी रिक्षा मिळंल ना?" न्यायालयाने हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा देण्याची योजना राबवायला सांगितले आहे, हे ऐकल्यावर तिचे समाधान झाले.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही निघालो. बाजारपेठ मागे पडली की तांबड्या मातीची वाट झाडीत शिरते. काही ठिकाणी आता पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. बाकी सगळीकडे जांभ्याची लाल धूळ, तीत घोड्यांच्या टापांचे ठसे आणि अर्थातच घोड्यांनी मागे ठेवलेल्या इतर खुणा. पांढरे बूट घालून येथे येऊ नये. झाडी मात्र अशी दाट की ऊन जमिनीवर तुकड्यातुकड्यांनीच पडते. जांभूळ, हिरडा, अंजन अशी ओळखीची झाडे आईने दाखवली, काही तिलाही ओळखता आली नाहीत. माकडे दर वळणावर होती. चिरंजिवांच्या हातातला बिस्किटांचा पुडा पहिल्या दहा मिनिटांतच गेला, तेव्हा आपण खाण्याचे काही हातात धरू नये, पिशवी बंद ठेवावी.

अर्ध्या-पाऊण तासात झाडांच्या खोडांमधून पाणी चमकू लागले.

शार्लोट तलाव पाहून कोणी भव्य म्हणणार नाही. दोन्ही बाजूंच्या झाडीत दबून बसलेले, काळसर हिरवे, शांत पाणी. काठावर पर्यटकांची गर्दी व्हायला अजून अवकाश होता. एका खडकावर एक बगळा आणि दुसऱ्यावर वर्तमानपत्र वाचणारे एक गृहस्थ, दोघेही सारखेच निश्चल. माझ्या नवऱ्याने कॅमेरा काढला. आई पाण्याकडे पाहत नव्हती. ती डोंगराच्या उतारांकडे पाहत होती, मग पाण्याच्या टोकाकडे, जिथे दगडी बांध दिसत होता.

"हां," ती म्हणाली, "हितं अडवलंय होय."

माथेरान म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे पठार. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने येथे चढून आले आणि इंग्रजांना या डोंगराचा शोध लागला. खाली राहणाऱ्यांना तो कधीच लागलेला होता हे वेगळे सांगायला नको. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्यात लक्ष घातले, बंगले उठले, रस्ते आखले गेले. पण वस्ती करायची तर पाणी हवे, आणि आईने गाडीत विचारलेला प्रश्न इंग्रजांपुढेही होता. येथे पाऊस धो धो कोसळतो, पण पठार सगळ्या बाजूंनी कड्यांनी तुटलेले. पडलेले पाणी थोडे जमिनीत मुरते, उरलेले कड्यांवरून खाली उडी घेते. झरे आहेत, त्यांतला एक मॅलेटच्याच नावाने ओळखला जातो, पण गावाला ते पुरणार किती? म्हणून दोन उतारांमधल्या ओढ्याला बांध घातला आणि हा तलाव झाला. आता गावासाठी उल्हास नदीचे पाणीही खालून टप्प्याटप्प्याने पंपाने वर चढवतात. म्हणजे ज्या डोंगरावरून पावसाळाभर पाणी खाली धावते, त्याच डोंगरावर ते पुन्हा वीज जाळून वर आणावे लागते. सह्याद्रीच्या पुष्कळ गावांची हीच रड आहे.

आम्ही तलावाच्या कडेकडेने निघालो. एका बाजूला लॉर्ड पॉइंटकडे फाटा जातो. तेथून पश्चिमेला प्रबळगडाचा रुंद माथा समोर येतो आणि खालची दरी सकाळच्या धुक्याने भरलेली असते. चिरंजीव आणि त्याचे वडील तेथून हलेनात. आई कठड्यापासून चार पावले मागे उभी राहिली, पण उभी राहिली. मग सीलिया पॉइंट. तलाव भरला की सांडव्यावरून निघालेले पाणी या बाजूच्या कड्यावरून कोसळते. पावसाळ्यात हे दृश्य पाहायला झुंबड उडते. आम्ही गेलो तेव्हा धार जवळजवळ आटली होती. कड्यावर काळे ओले पट्टे तेवढे दिसत होते. मला थोडी निराशा वाटली, आईला वाटली नाही. "तळं काठोकाठ आहे अजून," ती म्हणाली. "वाहून गेलं नाही ते बरं की."

त्यानंतर आला तो बांध.

बांधावर पोहोचल्यावर आई थांबली. चप्पल काढून तिने पाय दगडावर ठेवले. ऊन नुकतेच त्याच्यावर आले होते. "दगडाचा आहे," ती म्हणाली, "आमचा मातीचा होता."

आमचा म्हणजे कुठला, हे मला समजेना. आईचे माहेर साताऱ्याच्या माण तालुक्यातले. दुष्काळी भाग, हे ठाऊक होते. १९७२ चा दुष्काळ तिने पाहिला, हेही ठाऊक होते, कारण ताटात कोणी भाकरी टाकली की घरात 'बाहत्तर' हा एक शब्द उच्चारला जाई आणि ती भाकरी संपवावी लागे. त्यापलीकडे ती कधी काही बोलली नव्हती, आणि आम्ही विचारले नव्हते.

बांधाच्या टोकाशी बसायला जागा होती. तेथे बसून तिने सांगितले ते असे.

त्या वर्षी ती बारा वर्षांची होती, सहावीत. विहीर आटली, गुरे विकली. गावापासून कोस-दीड कोसावर सरकारने पाझर तलावाचे काम काढले. त्या वर्षी राज्यात अशी लाखो माणसे पाझर तलावांवर, रस्त्यांवर, खडी फोडायच्या कामांवर होती. माझी आजी मातीच्या पाट्या उचलायला जाऊ लागली आणि आईची शाळा सुटली. लहान म्हणून मुकादम तिला पाट्या उचलू देईना. मग बायकांनीच तिला काम लावून दिले. एका बाभळीखाली बसायचे, सगळ्यांची तान्ही बाळे सांभाळायची आणि भाकरीची गाठोडी राखायची. कुत्री टपलेली असत. "मिलोची भाकरी," आई म्हणाली. "लाल, कडू. तीसुद्धा राखावी लागायची. एक गाठोडं गेलं तर एक घर उपाशी." दुपारी मुलांसाठी सुकडी यायची, तीही तिच्याच ताब्यात.

"मग बांध बघितलास की रोज."

"लांबनं. वर चढायला सुटका कुठं होती? बाळं टाकून कशी जाणार?" ती थोडा वेळ गप्प राहिली. "काळी माती ओतायची, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायची. सारखं ऐकू यायचं, धप धप. वरून दगडाचं पिचिंग. पुढच्या साली पाऊस झाला, तळं भरलं म्हणतात. तोवर आम्ही मुंबईला मामाकडं आलो होतो. मी भरलेलं बघितलंच नाही."

चिरंजिवांनी विचारले, "आजी, तुला पगार होता?"

"होता की. निम्मा. लहान म्हणून."

"मग सगळ्यांची बाळं सांभाळायचीस आणि निम्माच?" त्याला हा हिशेब अजिबात पटला नाही. त्याने तो पुढच्या वळणापर्यंत बोलून दाखवला. मी काही बोलले नाही. माझ्या डोळ्यांपुढे महाबळेश्वरची गाडी होती, प्रतापगडाखालची टपरी होती.

बांधावरून पलीकडे गेले की वाट एको पॉइंटकडे वळते. समोरचा कडा आपला आवाज परत देतो म्हणून हे नाव. तेथे प्रत्येक कुटुंब आपापल्या मुलांची नावे ओरडत असते. आमच्याकडूनही एक नाव ओरडले गेले आणि दरीने ते परत दिले. "तूही ओरड ना आजी," असा हट्ट सुरू झाला. आईने आधी पदर तोंडाला लावला, इकडेतिकडे पाहिले आणि मग एकच हाक मारली, "आई गंऽऽ!" ती परत आली, तेव्हा बाजूचे एक गुजराती कुटुंब टाळ्या वाजवू लागले.

ज्यांच्या पायांत जोर आहे त्यांनी तेथून पुढे लुइझा पॉइंट गाठावा. आम्ही तो सोडला. प्रदक्षिणा पुरी करायची होती.

परतीच्या बाजूला तलावाच्या काठावरच पिसरनाथाचे देऊळ आहे. माथेरानचे हे ग्रामदैवत. शेंदूर लावलेले स्वयंभू शिवलिंग, भोवती गर्द सावली आणि घंटेचा मधूनच येणारा आवाज. देवळाचा थाट नाही, गर्दी नाही, कोणी मागेही लागत नाही. मला हे देऊळ आवडले. आईने नमस्कार केला, दोन मिनिटे टेकली आणि तेथल्या बाईंना विचारून घेतले की उन्हाळ्यात तलावाला पाणी किती राहते, नळाला कितीदा येते, हॉटेलांना जास्त जाते की गावाला. उत्तरे मला ऐकू आली नाहीत. दोघी बराच वेळ बोलत होत्या.

बसत, थांबत, बोलत आम्हाला सगळ्या फेरीला तीन तास लागले. भराभर चालणारा याच्या निम्म्या वेळात आटपेल, पण तसे करू नये. वाट अगदीच गुळगुळीत सपाट आहे असे नाही. कुठे झाडांची मुळे वर आलेली, कुठे सुटे दगड, एकदोन ठिकाणी छोटे चढ. गुडघेदुखी असलेल्यांनी हातात काठी घ्यावी, बाजारात ती मिळते. पावसाळा संपल्यानंतरचे ऑक्टोबर ते जानेवारी हे महिने सर्वांत चांगले. तेव्हा तलाव भरलेला असतो आणि धूळ कमी असते. भर पावसात वाट निसरडी होते, तेव्हा वृद्धांना नेऊ नये. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा, नाहीतर निदान सकाळी लवकर निघावे. दहानंतर घोड्यांची ये-जा वाढते. मुंबईहून कर्जतच्या लोकलने नेरळला उतरायचे. तेथून छोटी गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत यायचे. पुढे गावापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालत जाता येतात किंवा अमन लॉज स्टेशनवरून शटल गाडी पकडता येते.

आणि एक गोष्ट. तलावात उतरू नये. पाणी वरून शांत दिसते, पण काठ एकदम खोल होतो. जून २०२५ मध्ये नवी मुंबईहून सहलीला आलेले तीन तरुण याच पाण्यात बुडाले. शिवाय हे गावाचे पिण्याचे पाणी आहे. आमच्यासमोर एका टोळक्याने वेफर्सचे पुडे पाण्यात भिरकावले. माझा नवरा त्यांना काही बोलणार, तोच आई पुढे झाली. ती ओरडली नाही. फक्त विचारले, "बाळांनो, हे कुणाच्या तरी माठात जाणार आहे. काढता का?" दोघांनी फांदीने ओढून पुडे काढले. तिसरा मोबाइलमध्ये बघत राहिला. सगळेच ऐकतात असे नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने निघायचे होते. सकाळी मी बॅगा भरून हॉटेलच्या ओसरीत आणून ठेवल्या, बिल चुकते केले आणि पाहते तर आई आणि चिरंजीव दोघेही गायब. काउंटरवरच्या मुलाने सांगितले, आजी आणि छोटे साहेब सात वाजताच तलावाकडे गेले. जाताना आजींनी निरोप ठेवला होता.

"काय निरोप?"

"म्हणाल्या, तिला सांगा, सामानापाशी बस. आम्ही येतो जाऊन."

मी बसले. ओसरीत ऊन येईपर्यंत, आणि नंतरही. एक माकड बराच वेळ आमच्या पिशवीवर नजर ठेवून होते.